फियाट ११००डी, प्रेसिडेंट, पद्मिनी: दारांना नवीन पॅड बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११००डी पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. पत्रा बराचसा तोच राहिला. आतलं हार्डबोर्ड-रेक्झिनचं काम मात्र वर्षागणिक बदलत गेलं, आणि नंतर गावोगावच्या कुशनवाल्यांनी त्यावर आपापला हात फिरवला. त्यामुळे आज या गाड्यांसाठी जुन्या नमुन्यावर बनवलेले तयार पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूची हार्डबोर्ड-रेक्झिनची आवरणं घेतली, तरी ते डब्यातून काढून थेट दारावर चढत नाहीत. खालची उत्तरं प्रत्यक्ष काम हातात घेणाऱ्यांसाठी आहेत. कुशनवाल्याकडून करून घेणार असाल तर त्याला काय विचारायचं, हेही त्यातून कळेल.

जुने पॅड दुरुस्त करावेत की नवीनच बसवावेत?

पॅड उपसून उलटा करा आणि खालच्या कडेपासून चार बोटं वर अंगठ्यानं दाबून बघा. बोर्ड कडक असेल, फक्त रेक्झिन उसवलं किंवा चिरलं असेल, तर जुनाच बोर्ड ठेवा आणि रेक्झिन नवं चढवा. त्या बोर्डावरची भोकं तुमच्याच दाराची आहेत. नव्या बोर्डावर ती तशी मिळवायला अर्धा दिवस जातो. बोर्ड पापडासारखा पदर सोडत असेल, क्लिपांच्या चिरा (बोर्ड दारावर धरणाऱ्या क्लिपा बसायच्या खाचा) फाटल्या असतील किंवा खालची कड पाण्यानं फुगून दुप्पट जाड झाली असेल, तर त्याला वाचवायच्या भानगडीत पडू नका. फुगलेला हार्डबोर्ड वाळला तरी पुन्हा बसत नाही.

नवीन बसवायचं ठरलं तरी जुना पॅड टाकू नका. काम पूर्ण होऊन एक पावसाळा जाईपर्यंत तो माळ्यावर राहू दे. तुमच्या दाराचा त्याच्याइतका अचूक नकाशा दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

‘पद्मिनीचे पॅड’ म्हणून मागवले, पण भोकं जुळत नाहीत. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. ज्या गाडीवरून विक्रेत्यानं नमुना घेतला, तिची हँडलं आणि आर्मरेस्ट तुमच्या गाडीच्या नसतील एवढंच. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी काच वर-खाली करणारी मशीन बदललेली असते, कुणी आर्मरेस्ट दोन इंच पुढे सरकवलेला असतो.

म्हणून पॅड हातात आले की वरचं प्लास्टिक फाडण्याआधी जुना पॅड नव्यावर ठेवा, दोन्हींच्या पाठी तुमच्याकडे. बाहेरची कड जुळवा आणि या क्रमानं तपासा: काचेच्या हँडलाचा दांडा, दार उघडायच्या हँडलाचा दांडा, आर्मरेस्टचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. हँडलाच्या भोकात ३-४ मि.मी.चा फरक चालतो, कारण वरून हँडलामागची गोल तबकडी येते. क्लिपांच्या जागेत २ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर क्लिप तिरकी बसते आणि सहा महिन्यांत चीर फाडते.

डावं-उजवं हमखास चुकतं. पॅड एकमेकांचं आरशातलं रूप असतात, आणि पाठीकडून बघताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो. जुना पॅड काढल्याबरोबर पाठीवर खडूनं ‘पुढचं डावं, ही बाजू वर’ असं लिहा. चारही दारांचे पॅड एकाच दिवशी काढले आणि लिहिलं नाही, तर पुढचा रविवार कोडं सोडवण्यात जाईल.

काचेचं हँडल निघत नाही. काय करू?

आधी ते कशानं धरलंय ते बघा, जोर नंतर लावा. या गाड्यांवर आज तीन प्रकार सापडतात. हँडलाच्या मधोमध स्क्रू दिसत असेल तर प्रश्नच नाही. स्क्रू नसेल तर हँडलामागची तबकडी अंगठ्यांनी दाराच्या दिशेनं दाबा आणि फटीत टॉर्च मारा. दांड्यातून आरपार गेलेली बारीक पिन दिसली, तर मदतनीसाला तबकडी दाबून धरायला सांगा आणि पिनेपेक्षा बारीक पंचानं हलके ठोके द्या. एका बाजूनं हलत नसेल तर दुसऱ्या बाजूनं ठोका. घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप दिसली, तर जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि तबकडीच्या मधे घाला. दोन्ही टोकं धरून, बूटपॉलिशवाला बुटावर कापड ओढतो तशी मागे-पुढे ओढा. कापडाचा धागा क्लिपेच्या टोकात अडकतो आणि क्लिप उडते. ती खरंच उडते, म्हणून आधी खाली चादर अंथरा.

बसवताना क्लिप आधी हँडलाच्या खाचेत घालायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं. ‘टक’ आवाज आला की बसलं. काच पूर्ण वर असताना हँडलाचं तोंड चारही दारांवर एकाच दिशेला ठेवा. गाडी बंद असताना बाहेरून बघणाऱ्याच्या डोळ्यात हे भरतं.

हँडलामागे शंकूसारखी मोठी स्प्रिंग निघाली तर ती जपून ठेवा. तबकडीला दाबून ठेवणं हे तिचं काम. ती हरवली की खडखडाट सुरू होतो आणि लोक दोष नव्या पॅडला देतात.

पॅड न फाडता कसा काढायचा?

आर्मरेस्टचे स्क्रू आधी काढा. एक स्क्रू हमखास धुळीत बुजलेला असतो. मग क्लिप काढायचा दोन दातांचा फोर्क किंवा कापड गुंडाळलेला चपटा पेचकस खालच्या कोपऱ्यातून आत सरकवा, आणि उचल *क्लिपेच्या अगदी शेजारी* द्या. दोन क्लिपांच्या मधे उचललं की बोर्ड वाकतो आणि चीर फाटते. जुने बोर्ड निम्मेअधिक या एका चुकीनं मरतात. जी क्लिप ऐकत नाही ती दारातच राहू दे, नंतर पकडीनं काढता येते.

दाराच्या आत पाणी दिसलं. बीडिंग (रबरी पट्टी) गेलं का?

नव्या पॅडचं आयुष्य या एका गोष्टीवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दार आतून ओलं होणारच. काचेच्या बाहेरची रबरी पट्टी नवीकोरी असली तरी काचेवरून ओघळणारं पाणी थोडं आत जातं, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं आहे. पाणी काचेच्या दोन्ही अंगांनी उतरतं, दाराच्या तळाशी जमतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. बाहेरच्या आणि आतल्या पत्र्यामधली ही पोकळी म्हणजे गाडीची मोरीच आहे.

आता आतला पत्रा बघा. त्याला मोठमोठी खिडक्यांसारखी भोकं आहेत, काचेची मशीन आणि लॉक तिथून हाताळता यावं म्हणून. मशीनच्या हातावरून, लॉकच्या सळीवरून थेंब घरंगळत या भोकांच्या काठावर येतात. तिथे पडदा नसेल तर ते सरळ हार्डबोर्डच्या पाठीवर पडतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत तिथे डांबरी कागद किंवा प्लास्टिक चिकटवलेलं असे. पहिल्याच दुरुस्तीत मेकॅनिक ते फाडतो आणि परत कुणी लावत नाही. त्यानंतर मुंबईसारख्या गावात, जिथे वर्षाला २,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, नवा पॅड दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खालून फुगलाच म्हणून समजा. वरचं रेक्झिन कितीही भारी असलं तरी फरक पडत नाही, कारण पाणी पाठीमागून येतं.

तेव्हा नवा पॅड दाराजवळ नेण्याआधी एवढं करा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. चाळीस वर्षांची माती, सुकी पानं आणि अंडरकोटिंगचा थर तिथे बसलेला असतो. बाहेरच्या काचपट्टीवर मगानं पाणी ओता आणि ते खालून पडतंय का बघा. दार वाळवा, आतला गंज वायर ब्रशनं घासा, गंजरोधक प्रायमर मारा, वाळल्यावर तळाला पोकळीत मारायचं मेण फवारा. मेण भोकांत गोठलं तर पुन्हा तार घाला.

पडदा कशाचा आणि कसा लावायचा?

२०० मायक्रॉनचं, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ८०० गेजचं पॉलिथीन घ्या. बांधकामाचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं. पातळ पिशवीचं प्लास्टिक नको, मशीनचा हात लागून ते फाटतं. चिकटवायला १०-१२ मि.मी. रुंदीची ब्यूटाइल टेप वापरा. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि उद्या मशीन काढायची वेळ आली तर पडदा न फाटता सुटतो. साधी चिकटपट्टी पहिल्या उन्हाळ्यात सुटते. सिलिकॉन लावलं तर पडदा सुटत नाही, पण पुढे पत्र्यावर रंगही धरत नाही.

पडदा दारावर धरून भोकांपेक्षा चहूबाजूंनी ४-५ सें.मी. जास्त कापा. दांड्यांसाठी मोठं भोक पाडू नका. अधिक चिन्हासारखी छोटी चीर द्या, म्हणजे दांड्याला प्लास्टिक घट्ट बसतं. टेप दोन्ही बाजूंना आणि वर सलग लावा. आणि खालची कड *पत्र्याच्या आत* सोडा: आतल्या पत्र्याच्या खालच्या भोकातून किंवा खाचेतून ती दाराच्या पोकळीत जायला हवी, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत मोरीत पडेल. खालची कड पत्र्याच्या बाहेरून चिकटवली तर पडद्यामागे डबकं होतं आणि पाणी टेपच्या पहिल्या फटीतून पॅडमध्ये उतरतं. पडदा लावूनही पॅड भिजल्याची तक्रार आली की दहातल्या आठ वेळा हेच सापडतं.

पडदा फार ढिलाही ठेवू नका. काच खाली जाताना मशीनचा हात त्यात अडकतो. लावून झाल्यावर हँडल नुसतं दांड्यावर बसवून काच चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा.

बोर्ड कुठला? हार्डबोर्ड, प्लाय, एमडीएफ की प्लास्टिक?

३ मि.मी.चा, तेल पाजलेला गडद हार्डबोर्ड. मूळ गाडीसारखी हलकी वक्रता तोच घेतो. ३ मि.मी. मरीन प्लाय टिकाऊ आहे, पण क्लिपेच्या चिरा कापताना त्याचे पदर निघतात. एमडीएफ नको, ते ब्लॉटिंग पेपर आहे. नामफलकवाल्यांकडची पीव्हीसी फोमशीट पाण्याला भीक घालत नाही म्हणून अलीकडे बरेच जण वापरतात. पण उन्हात बंद उभ्या गाडीत ती मऊ होते आणि दोन क्लिपांच्या मधे लाटा येतात. गाडी कायम सावलीत राहणार असेल तरच तिचा विचार करा.

बोर्ड कोणताही असो, कापून आणि भोकं पाडून झाल्यावर त्याला सील करा. पॉलियुरेथेन वार्निशमध्ये १०-१५ टक्के थिनर घालून पहिला हात पाठीवर आणि कडांवर द्या, दुसरा हात फक्त कडांवर आणि भोकांच्या आतून. पाणी शोषलं जातं ते कडेतून. पाठीची चकचकीत बाजू त्यामानानं सोशिक असते. तयार आलेल्या पॅडची कड रेक्झिनखाली झाकलेली असते, तिथे निदान भोकं आणि क्लिपांच्या चिरा तरी बारीक ब्रशनं भरून घ्या.

२४४ × १२२ सें.मी.च्या एका शीटमधून चार दारांचे बोर्ड निघून पायाजवळच्या पॅनेलांनाही उरतं.

रेक्झिन किती घ्यायचं? रंग कसा जुळवायचा?

रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच, म्हणजे १३७ सें.मी. असतो. पॅड ८० × ५० सें.मी. धरला आणि चहूबाजूंनी ४ सें.मी. मुडप धरली, तर तुकडा ८८ × ५८ सें.मी.चा. पन्ह्यात दोन तुकडे शेजारी बसतात, म्हणजे चार दारांना १७६ सें.मी. शिवलेल्या पट्ट्यांचं डिझाइन असेल तर प्रत्येक शिवण २-३ मि.मी. खाते. पंधरा शिवणींना ३ ते ४.५ सें.मी. गेले, ते आधी धरा. शिवल्यानंतरच तुकडा मापात कापा. पायाजवळची पॅनेलं आणि एखादी चूक धरून ३ मीटर घ्या. सीटही करणार असाल तर सगळं एकाच ताग्यातून घ्या. दुसऱ्या महिन्यात त्याच नंबरचा तागा आला तरी छटा वेगळी निघते, आणि उन्हात शेजारी शेजारी ठेवल्यावर ती लपत नाही.

जुना रंग बघायचा तर आर्मरेस्टच्या खाली आणि हँडलाच्या तबकडीमागे बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, फुटपाथवर आणून बघा. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणणारच.

पट्ट्या शिवलेल्या चांगल्या की दाबलेल्या?

गरम साच्यात दाबून काढलेल्या रेषांना सुईची भोकं नसतात, म्हणून ओल आत जात नाही. पण साचा मूळ गाडीच्या मापाचा नसेल तर रेषांमधलं अंतर चुकतं आणि पुढच्या दारावरची रेष मागच्या दारावरच्या रेषेशी जुळत नाही. शिवलेल्या पट्ट्या कुशनवाला हव्या त्या अंतरावर देतो. शिवूनच घेणार असाल तर दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा सांगा. सुती दोरा ओलीत कुजतो. आमचं मत विचाराल तर रेषा जुळणं महत्त्वाचं. दोन्ही दारं मिटलेली असताना त्या एका ओळीत धावल्या नाहीत, तर बाकी काम कितीही नेटकं असलं तरी नजर तिथेच अडते.

रेक्झिन काही महिन्यांत सुटलं, फुगे आले. सोल्युशन खराब होतं का?

कारणं तीन असू शकतात. पहिलं, घाई. फेविकॉल एसआर ९९८ सारखं सोल्युशन दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून १०-१५ मिनिटं थांबायचं असतं. बोटाला चिकटलं नाही पाहिजे, तेव्हाच जोडायचं. ओलं असताना जोडलं तर आतलं द्रावण अडकतं आणि उन्हात वाफ होऊन फुगा येतो. भर पावसाळ्यात लावलं तर सोल्युशनवर हवेतली ओल बसते. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

दुसरं, रेक्झिनला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि सोल्युशनला पातळ करतं. त्यामुळे नुसत्या चिकटीवर विसंबू नये. पाठीमागे मुडपलेल्या कडेला स्टेपल हवेतच. ३ मि.मी. बोर्डाला ४ मि.मी. पायाचे स्टेपल बसतात; ८ मि.मी.चे मारलेत तर टोकं समोरून रेक्झिनमधून डोकावतील. कोकणात, गोव्यात किंवा समुद्राजवळ कुठेही गाडी राहत असेल तर स्टेनलेसचे घ्या. साधे स्टेपल दोन वर्षांत गंजून तपकिरी डाग सोडतात.

तिसरं, फोम. पॅडवर ३ ते ५ मि.मी. फोम पुरतो, आणि तो बोर्डाच्या कडेच्या १० मि.मी. आत थांबवायचा. कडेवरून वळवला तर पॅड तिथे जाड होतो, दाराच्या बीडिंगला घासतो आणि दार आपटल्याशिवाय लागत नाही.

हे सोल्युशन पेट घेतं आणि त्याच्या वासानं डोकं चढतं. मोकळ्या जागेत काम करा, आणि कुणालाही जवळ विडी पेटवू देऊ नका.

रेक्झिन चढवलेल्या पॅडला भोक पाडताना सगळं गुंडाळलं गेलं!

ड्रिल रेक्झिनला लागलं की बिटच्या खाचा रेक्झिनच्या पाठीच्या कापडाचा धागा पकडतात आणि एका क्षणात तळहाताएवढा भाग पीळ घालून उचलतात. तो दुरुस्त होत नाही. रेक्झिन आणि फोम आधी धारदार वॉशर पंचनं गोल कापून काढा, बोर्ड दिसू द्या, आणि मगच ड्रिल लावा. पॅडखाली लाकडाची फळी घट्ट दाबून ठेवा, नाहीतर पलीकडून बोर्डाचा पदर उडतो.

भोकाची जागा मापून ठरवण्यापेक्षा दांड्याच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावून पॅड जागेवर दाबा. पाठीवर ठिपका उमटतो. पडदा लावल्यावर हे करायचं असेल तर दांड्यांवरची चीर आधी पूर्ण दाबून बसवा. दांडा बाहेर आला नाही तर ठिपका चुकतो.

क्लिपा जुन्याच वापराव्या का?

नाही. त्यांची स्प्रिंग गेलेली असते. दारातलं भोक ड्रिल बिटच्या मागच्या गोल बाजूनं मोजा. जे बिट सैल न राहता आत जाईल तोच व्यास. क्लिप त्या मापाची घ्या. भोक गंजानं मोठं झालं असेल तर मोठी क्लिप कोंबू नका, ती बोर्डाची चीर फाडते. भोकात रबरी किंवा प्लास्टिकचं बुश घालून मूळ मापाची क्लिप लावा. दर दारामागे चार-पाच जादा घ्या. प्रत्येक क्लिपेच्या मानेला ब्यूटाइलचा छोटा गोळा लावलात तर त्या भोकातूनही पाणी येत नाही.

बसवण्याचा नेमका क्रम काय?

१. काचेच्या मशीनला पांढरं लिथियम ग्रीस द्या. काच ज्यात सरकते त्या फेल्ट चॅनलला ग्रीस लावू नका, धूळ धरते. तिथे सिलिकॉन स्प्रे मारा.

२. पडदा लावा, काच फिरवून बघा.

३. पॅड वरून टेकवा, दांडे भोकांतून बाहेर आले की वरच्या मधल्या क्लिपेपासून सुरुवात करा. क्लिप भोकासमोर आहे हे बोटानं चाचपून मगच तळहातानं दाबा. मुठीनं ठोकू नका.

४. कडेनं फिरत सगळ्या क्लिपा बसवा, खालचे कोपरे शेवटी.

५. आर्मरेस्ट लावण्याआधी स्क्रूची लांबी जुन्याशी ताडून बघा. जास्त लांब स्क्रू आतल्या पत्र्यातून पुढे जातो आणि खाली येणाऱ्या काचेवर ओरखडा काढतो, किंवा ती फोडतो. कुशनवाल्याकडे हाताला लागला तो स्क्रू मारण्याची सवय असते, तिथे उभं राहून बघा.

६. तबकड्या, स्प्रिंगा, हँडलं.

७. दार *उघडं ठेवून* लॉकची जीभ पेचकसानं बंद अवस्थेत फिरवा आणि आतल्या हँडलानं, मग बाहेरच्या हँडलानं ती सुटते का पाहा. दोन्हींनी सुटली तरच दार लावा. न बघता लावलंत आणि लॉकची सळी निसटलेली असली, तर बंद दारातून नवा पॅड काढायची वेळ येते. ते काम पॅड न तोडता क्वचितच होतं.

एका दाराला, सगळं जुळत असेल तर, दोन तास. पहिल्या दाराला अख्खा दिवस धरा.

बसवून झालं, पण काचेचं हँडल जड फिरतंय.

हँडल काढून नुसत्या दांड्यावर पकडीनं फिरवून बघा. हलकं फिरलं तर पॅड फुगीर आहे आणि तबकडीला दाबतोय: त्या जागचा फोम भोकाभोवती २ सें.मी. कापून काढा. तरीही जड असेल तर दोष मशीनमध्ये किंवा पडद्यात आहे.

मागच्या काचेखालची फळी आणि पायाजवळची पॅनेलं?

मागच्या फळीवर दिवसभर ऊन पडतं, म्हणून तिथला ३ मि.मी. बोर्ड मधे झोळ खातो. ४-५ मि.मी. वापरा आणि मागच्या सीटची पाठ काढूनच बसवा. पायाजवळच्या पॅनेलांमागे ओल दिसली तर दाराला दोष देऊ नका. पुढच्या काचेचं रबर किंवा काचेखालच्या हवेच्या जाळीचा भाग तपासा. पाणी वरून येऊन तिथे उतरतं.

दारात स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवता येईल का?

येईल, पण नव्या पॅडला भोक पाडून नको. स्पीकर पायाजवळच्या पॅनेलात किंवा मागच्या फळीखाली जातात. दारात लावले तर पडदा कापावा लागतो आणि स्पीकरचा कागदी कोन थेट मोरीत बसतो. पॉवर विंडोचे तयार संच मिळतात. त्यासाठी पडदा आणि पॅड दोन्ही नव्यानं आखावे लागतील, म्हणून तो निर्णय पॅड बनवायला टाकण्याआधीच घ्या.

पॅड बदलले तर गाडीच्या व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरबदलांवर आहे, रेक्झिनवर नाही. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच. रोज ऑफिसला पद्मिनी नेणाऱ्यानं हे आधी वाचून घ्यावं.

मूळपणाला गुण देणाऱ्या स्पर्धेत उतरणार असाल तर जुने पॅड सोबत न्या. नवा नमुना कशावरून घेतला ते दाखवता येतं.

पुढे निगा काय?

ओल्या कपड्यानं पुसा, साबण अगदी सौम्य. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश रेक्झिनवर मारू नका. पुढे शिवण उसवली तर त्या जागी सोल्युशन धरत नाही. जूनच्या आधी तळाच्या भोकांत तार घाला. गणपतीच्या सुमारास, पाऊस जरा ओसरला की, चारही पॅडच्या खालच्या कडेवरून नख फिरवा. कुठे मऊ लागलं तर तेवढ्याच दाराचा पॅड काढा आणि पडद्याची खालची कड अजून आत आहे का, ते बघा.